शेवंताक्कांची फटफटी

शेवंताक्कांनी मला खोली दिली ती मी सायकलवर चढतो कसा हे बघून.

खानापुराकडून नवा मास्तर म्हणून मी जगलबेटला आलो, तेव्हा गोवा सुटून फार दिवस झाले नव्हते आणि तालुका अजून सुप्याचा होता, ते गाव धरणाखाली जायचं होतं. लाकडाच्या डेपोत कुणीतरी सांगितलं, अक्कांच्या घरी मागची खोली रिकामी आहे. गेलो. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई ओसरीवर फणसाचे गरे काढत बसली होती. तिनं ना नाव विचारलं, ना जात, ना पगार. म्हणाली, "मास्तर, सायकलवरनं जरा त्या आंब्यापतोर जाऊन ये बघू."

मला वाटलं, काहीतरी आणायचं असेल. जाऊन आलो आणि विचारलं, "काय आणायचं होतं?"

"कायबी न्हाई. निगतोस कसा ते बगायचं हुतं. धक्का न देता निगलास. ऱ्हा."

अक्कांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. माणूस असो, बैल असो, नाहीतर एसटी, ते सुटतं कसं यावर त्यांचं मत ठरायचं. पुढचं काही बघायची त्यांना गरज वाटत नसे. सकाळी लोंढ्याची गाडी सुटायच्या वेळी त्या हातातलं काम टाकून फाटकाशी येऊन उभ्या राहत. ड्रायव्हरनं क्लच दमानं सोडला की मान हलवत. गाडीनं हिसका दिला, टपावरच्या कोंबड्या ओरडल्या, की अक्का सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सांडला!" नव्या ड्रायव्हरला हे कळत नसे. तो खाली उतरून गाडीखाली काय सांडलं ते वाकून बघे.

लग्नातही तेच. भटजींनी पहिलं मंगलाष्टक वरच्या पट्टीत उचललं की या मागच्या बाईला सांगणार, "आता ह्यो खोकनार बग." आणि भटजी खोकत.

या सगळ्याचं मूळ होतं त्यांच्या पडवीत. एका बाजूला म्हैस बांधलेली, दुसऱ्या बाजूला लष्करी लिलावातली जुनी फटफटी उभी. म्हशीच्या अंगावर पोतं, फटफटीच्या अंगावर अक्कांचं स्वतःचं धुतलेलं जुनं लुगडं. ही गाडी त्यांच्या मालकांची, परशरामभाऊंची. भाऊ डेपोत लाकडं मोजायला होते. तापानं गेले, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. ते असताना दोघं बाजाराला, नातेवाइकांकडे, देवाला या गाडीवरूनच जात. लुगडं नेसलेली बाई फटफटीवर मागे बसलेली या भागात कुणी बघितली नव्हती. लोक बांधावर येऊन उभे राहत, आणि अक्का मागे बसून त्यांना हात करत.

भाऊ गेल्यावर गाडी उभी राहिली. पण अक्का दर आठवड्याला कुणाला तरी पकडून ती चालू करून घेत. चालू झाली की डोळे मिटून थोडा वेळ ऐकत आणि म्हणत, "आता बंद कर. झोपू दे तिला."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे दीर मारुतीभावजी खानापूरहून आले. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, तेव्हा त्यांचा हक्क होताच. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, हुबी ऱ्हाऊन गंजाय लागलीया गाडी. मी न्हेतो. चालती तरी ऱ्हाईल."

अक्कांनी कपबशी उचलली. "कोन म्हनतंय चालत न्हाई? जत्रंत पळनार हाय ती यंदा."

"कोन पळवनार?"

"आमचे मास्तर."

मी तेव्हा मागल्या दारी दात घासत होतो. आयुष्यात मी फटफटीवर बसलो नव्हतो.

आमच्याकडे जत्रेत बैलगाड्या पळून झाल्या की डेपोच्या फाटकापासून आंब्यापर्यंत सरळ रस्त्यावर फटफट्या पळवत. वळण नाही, चढ नाही. डोळ्याचं पातं लवतंय तोवर सगळं संपायचं. भावजी हसले. म्हणाले, "पयली आली तर ऱ्हाऊ दे तुज्याकडं. न्हाईतर दुसऱ्या दिवशी मी घेऊन जानार."

"चाललं," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तोंड धू. सुरवात करूया."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण अक्कांना नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय मला त्यांच्या घरचं ताक आवडायचं.

पहिल्या दिवशी मी क्लच सोडला तो एकदम. गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा ती बंद पडली नाही, मीच पडलो. गाडी एकटी पुढे जाऊन शेणाच्या उकिरड्यात रुतली. अक्का धावत आल्या, माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या आणि गाडीचा दिवा पुसू लागल्या.

"लागलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "थोडं खरचटलं." तर म्हणाल्या, "तुला न्हवं."

मग त्यांनी मला विहिरीवर नेलं. हातात दोर दिला आणि भरलेली घागर ओढायला लावली. मी जोर लावला, दोराला हिसका बसला, अर्धं पाणी परत विहिरीत.

"दोर सैल असताना हिसका दिलास तर काय हुनार? आदी दोर ताठ कर. घागरीचं वजन हाताला लागलं पायजे. लागलं? आता वढ. किती बी जोरात वढ, सांडनार न्हाई."

घागर भरलेली वर आली. "क्लच असाच हाय," अक्का म्हणाल्या. "सोडता सोडता एका जाग्याला गाडी धरती. पाठीला कळतं. त्या जाग्याला थांबायचं. फाटक उगडायची वाट बगनाऱ्या म्हशीवानी गाडी पुढं रेटली पायजे, पर हालली न्हाई पायजे. मग सोड."

"तुम्ही चालवली होती का कधी?"

"मी कशाला चालवू? मी मागं बसायची. पुढं बसनाऱ्याला रस्ता दिसतो. मागं बसनाऱ्याला गाडी कळती."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या सीटवर अर्धा भरलेला ताकाचा तांब्या बांधायला सुरुवात केली. मी सुटायचो, थोडं पुढे जाऊन थांबायचो, त्या चालत यायच्या आणि तांब्यात डोकावून विचारायच्या, "सुटलास का सांडलास?" बहुतेक वेळा सांडलेलाच असायचो. माझ्या सदऱ्याच्या पाठीला कायम आंबूस वास. वर्गात मुलं पुढच्या बाकासाठी भांडायची थांबली.

गावाला करमणूक झाली. संध्याकाळी डेपोतले लोक लाकडांवर बसून बघत. मी निघालो की सगळेच एका सुरात ओरडत, "सुटलास का सांडलास?" मला लाज वाटे. अक्का त्यांच्याकडे बघतही नसत. एकदा मी वैतागून म्हणालो, "अक्का, मला नाही जमायचं." त्यांनी रागावायचं सोडून पदरानं माझ्या पाठीवरचं ताक पुसलं आणि म्हणाल्या, "मास्तर, पोरं पयल्या दिशी अ काडताना काय काडत्यात? तू पाटी फोडतोस काय त्यांची?" मी पुन्हा गाडीवर बसलो. त्या प्रश्नाचा माझ्या शाळेतल्या मुलांना पुढे कितीतरी वर्षं फायदा झाला.

आणि एके दिवशी ताक सांडलं नाही. अक्कांनी तांब्या काढला, त्यातलं ताक मला प्यायला दिलं आणि म्हणाल्या, "झालं. आता जोर."

जोराचं शिक्षण निराळं. निघताना छाती टाकीवर टेकवायची, नाहीतर पुढचं चाक उचलतं. मागच्या चाकाखालचे खडे आधी हातानं वेचून काढायचे. मुरमावर चाक धरावं म्हणून त्यातली हवा थोडी सोडायची, हे भाऊ करत असत. मूठ पिळून एका जागी धरायची, इंजिनचा आवाज चढता-उतरता कामा नये. "भाकरीची आच असती तसा एकसारका," अक्का म्हणत. सगळ्यात अवघड होतं ते निशाणाकडे बघणं. जत्रेत निशाण धरायला जंगल खात्याचा गार्ड असे. तो कन्नडमध्ये मोजे, "ओंदु, एरडु, मूरु," आणि निशाण पाडे, पण मूरु म्हणायच्या आधी की नंतर याचा नेम नाही. "त्याच्या तोंडाकडं बगू नको," अक्कांनी बजावलं. "तोंड खोटं बोलतं. मनगटाकडं बग."

जत्रेच्या दिवशी तीन गाड्या होत्या. एकीची क्लचची तार रेषेवर यायच्या आधीच तुटली. राहिला दांडेलीचा जोकीम, एका लाकूड कंत्राटदाराचा ड्रायव्हर. त्याची गाडी नवी, चकचकीत, आमच्यापेक्षा दमदार. मनानं चांगला माणूस. मला बघून हसला आणि म्हणाला, "मास्तरा, भियेवं नाका."

मी भ्यालोच होतो. हात ओले झाले होते. अक्का गर्दीतून सरळ रेषेवर आल्या. बायकांनी तिथे यायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं, ते त्यांनी ऐकलं नाही. त्या वाकल्या, माझ्या मागच्या चाकाखालचे खडे वेचून ओच्यात घेतले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "हरलास तरी सांजच्याला जेवायला घरीच ये. वाट बगीन."

का कोण जाणे, हात कोरडे झाले.

"ओंदु..." मी क्लच सोडत आणला. "एरडु..." पाठीला गाडी लागली. दोर ताठ झाला. मूठ हलू दिली नाही. गार्डचं मनगट वळलं आणि मी सोडलं. मूरु मला ऐकूच आलं नाही. शेजारी जोकीमच्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, लाल मुरूम उडाला, आणि तेवढ्यात मी पुढे निघून गेलो होतो. मग त्याची गाडी आली. आवाज जवळ जवळ येत गेला, अगदी कोपरापाशी आला. आंबा आला तेव्हा माझं अर्धं चाक पुढे होतं.

जोकीमनं गाडी टाकून मला मिठी मारली. डेपोवाले नाचत होते. मारुतीभावजी गर्दीतून आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "दादा असायला पायजे हुता," एवढंच म्हणाले. मग अक्कांकडे वळून, "ऱ्हाऊ दे वहिनी. तुजीच हाय. पर टायर बदल तेवडे."

अक्कांच्या ओच्यातले खडे अजून तसेच होते. ते त्यांनी हळूच रस्त्याकडेला टाकले आणि म्हशीची धार काढायची आहे म्हणून घरी गेल्या.

दोन-तीन दिवसांनी रविवार होता. दुपारी मी वह्या तपासत बसलो होतो. अक्का दारात आल्या. हिरवं इरकली लुगडं, केस चापून बसवलेले, पायात चपला.

"मास्तर, मला सुप्याच्या नदीपतोर न्हेशील? गाडीवरनं."

मी गाडी काढली. त्या एका बाजूला पाय सोडून अशा सहज बसल्या, जणू कालच उतरल्या होत्या. मला वाटलं, आता आपली परीक्षा. छाती टाकीवर टेकवून मी मूठ पिळली.

मागून खांद्यावर हात आला. "हळू. अगदी हळू चालव. आमी दोगं कदी जोरात जायचो न्हाई. जोरात गेलं की बोललेलं आयकू येत न्हाई."

मी सावकाश निघालो. गाव मागे पडलं, सागाची झाडं सुरू झाली, आणि अक्का बोलू लागल्या.

"आयकतासा न्हवं? म्हस याली. रेडी झाली. परड्यातला फनस पडला गेल्या साली, त्याची चौकट केली दाराला. मारुतीभावजींचे केस पांडरे झाले, वळकू येनार न्हाईत तुमास्नी. गोव्याचं नाकं उटलं, आता सरळ जाता येतं, कुनी इचारत न्हाई. आपन जानार हुतो बगा..."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी मागे वळून बघितलं नाही. एका वळणावर त्या बोलता बोलता थांबल्या, कशाची तरी वाट बघितल्यासारख्या. काय करावं ते सुचेना. मग मी म्हणालो, "हूं."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि पुढे बोलू लागल्या. परसातल्या आळवाचं, गळणाऱ्या कौलांचं, मागच्या खोलीत राहणाऱ्या नव्या मास्तराचं. "पोरगं गुनाचं हाय. खातं कमी. त्याची आई लांब हाय तर मीच बगते." मी रस्त्याकडे बघत होतो आणि रस्ता नीट दिसत नव्हता.

"हूं," मी म्हणालो.

झाडांतून नदी दिसायला लागली. इथपर्यंतच यायचं ठरलं होतं. पण अक्कांचं सांगून व्हायचं होतं, म्हणून मी गाडी थांबवली नाही. काठाकाठानं जाणाऱ्या रस्त्याला ती तशीच हळू वळवली.