डोकं झाकलेल्या मार्थाबाई

सन दोन हजार तेवीस. मी पंचाहत्तर वर्षांचा होतो. जानेवारीतल्या एका सकाळी दार उघडलं, तर शेजारच्या मार्थाबाई पगारे डोक्यावर पिठाची चाळण धरून अंगणात उभ्या.

"अण्णा, रुमाल उडाला. तुमच्या शेवग्यावर जाऊन बसलाय. काढून द्या."

मी म्हणालो, "बाई, चाळणीला भोकं हायेत. वरून सगळं दिसत असंल."

"देव भोकं मोजत नाही, मन बघतो. काठी आणा लवकर."

मी काठी आणली, खुर्चीवर चढलो. खालून माझी बायको कमल ओरडत होती, की एका रुमालापायी दुसऱ्याचं मढं निघायचं. रुमाल काढून दिला. बाईंनी एका हातानं चाळण उचलली आणि दुसऱ्या हातानं रुमाल असा सरकवला की केस म्हणून दिसला नाही. अशी सफाई मी फक्त चांगल्या गवंड्याच्या थापीत पाहिली आहे. आणि ते काम मला कळतं. शाळा चौथीत सुटली, पण नाशकात माझ्या हातच्या भिंती अजून ओळंब्यात उभ्या आहेत. त्यांच्यात राहणारी माणसं वाकली, भिंती नाही वाकल्या.

मार्थाबाई ख्रिस्ती. शरणपूरच्या अंगाला आमची बैठी घरं, मधे एकच भिंत, तीही मीच बांधलेली. बाई जन्मभर बालवाडीत शिकवायच्या. त्यामुळे समोरचा माणूस चार वर्षांचा आहे असं धरूनच बोलायच्या. नवरा लवकर गेला, दारूनं गेला. मुलगा शमुवेल बाहेरगावी नोकरीला, एवढंच त्या सांगायच्या.

डोक्यावर पांढरा मलमलचा रुमाल, मागे गाठ, दोन्ही कानांवर पिना. पूर्वी हा रुमाल फक्त चर्चला जाताना दिसायचा. करोनाच्या थोडं आधीपासून तो उतरेनाच. भाकरी करताना रुमाल, केर काढताना रुमाल, तापानं फणफणल्या तरी रुमाल. कमलनं एकदा लाजत विचारलं, "आणि न्हाताना हो?" बाई म्हणाल्या, "न्हाताना पंचा. तो भिजतो, वाळतो, त्याचं काही जात नाही."

काही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "लिहिलंय तसं."

"कुठं?"

"शास्त्रात. बाईनं डोकं झाकून प्रार्थना करावी, पुरुषानं उघड्या डोक्यानं. तुम्ही ती टोपी कधी काढणार, अण्णा?"

"मी ते वाचलं नाय, म्हणून ते मला लागू नाय. ही टोपी मी भल्याभल्यांसमोर काढली नाय."

हा तंटा आमचा रोजचा. एकदा मी म्हणालो, "आमची कमल माझ्या थोरल्या भावाला बघून पदर घेते. भाऊ गेला की पदर खाली. तुम्ही दिवसभर कुणाला बघून घेता?"

बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ दारातून खाकरत येतो. माझा न खाकरता येतो. मग मी काय करू?"

मी टोपी नीट केली आणि घरात गेलो.

त्यांच्या पिशवीत घडी केलेले जादा रुमाल असायचे. रविवारी चर्चमध्ये एखादी पोरगी बोडक्या डोक्यानं दिसली, की मागच्या बाकावरून रुमाल पुढं सरकायचा. नवीन पाळक आले, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी समजावलं, "मावशी, आता एवढं कोणी पाळत नाही. आणि प्रार्थनेपुरतं झाकलं तरी पुष्कळ." बाई म्हणाल्या, "माझी चालू आहे. हा घ्या, तुमच्या मिसेसना द्या." पाळक रुमाल घेऊन घरी गेले.

मी एकदा त्यांना स्कूटरवर मागं बसवून बाजारात नेलं. रुमालावर हेल्मेट चढवलं. तर बाई त्र्यंबक नाक्यापर्यंत मोठमोठ्यानं प्रार्थना करत आल्या. सिग्नलला लोक बघायला लागले. मी म्हणालो, "हळू करा." त्या म्हणाल्या, "तुमचं चालवणं बघून हळू होत नाही."

अशी ही बाई. पण चाळणीच्या त्या सकाळनंतर मला चैन पडेना. रुमाल उडाला म्हणजे गाठ सैल होती, आणि मार्थाबाईंची गाठ सैल नसते. नाताळच्या आधी दारावर चांदणी लावताना त्या स्टुलावरून पडल्या होत्या. डोकं चौकटीला आपटलं होतं. "रुमालानं वाचवलं," म्हणून हसल्या होत्या. आता उजव्या हातातून कप निसटायचा. एके दिवशी कमलला म्हणाल्या, "ती खिडकी द्या जरा, चहा गाळते." कमलनं मुकाट्यानं गाळणी दिली आणि माझ्याकडे पाहिलं. भिंतीला बारीक चीर दिसली की गवंडी आधी पाया बघतो.

दोन दिवसांनी त्यांना बोटानं नीट पिनही लावता येईना, तेव्हा आम्ही त्यांना रिक्षात घालून गंगापूर रोडच्या दवाखान्यात नेलं. यंत्रात घालून फोटो काढले. डॉक्टर तरुण होता, माझ्या नातवाएवढा.

"आजी, कवटीच्या आत रक्त साकळलंय. मेंदूवर दाब येतोय. लहान भोक पाडून काढून टाकू. पण आजच करू. उशीर झाला तर उजवी बाजू जाईल. जीवालाही धोका आहे."

"केस काढणार?"

"त्या बाजूचे."

"म्हणजे रुमाल काढणार."

"हो आजी. पण आत सगळ्यांनाच टोपी असते. तुम्हालाही घालू, आम्हीही घालतो."

"पुरुषांनीसुद्धा?" बाई एवढ्या दुखण्यातही उठून बसल्या. "तुम्ही काढली पाहिजे."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

"आणि केस काढताना?" बाईंनी विचारलं. "तेव्हा डोकं उघडंच ना?"

"तेव्हा उघडंच."

"मग नको. मला घरी न्या, अण्णा."

डॉक्टर समजावून थकला. सिस्टर समजावून थकली. कमल रडायला लागली. मग मी तोंड सोडलं. "आवो, कुठला देव सांगतो, फडकं संभाळ आणि मर म्हणून? असा देव असंल तर मला भेटवा त्याला, मी बोलतो!" सिस्टर म्हणाली, आजोबा, हळू. मी हळू झालो नाही. मी साइटवर चाळीस मजुरांवर ओरडलेला माणूस.

बाई शांत होत्या. कमलला म्हणाल्या, "ताई, चहा घेऊन या." ती गेल्यावर मला म्हणाल्या, "बसा. ओरडू नका. शास्त्रात प्रार्थनेपुरतंच लिहिलंय. पाळक बरोबर होते."

"मग?"

"माझी संपलेली नाही."

मला वाटलं, बाई पुन्हा गाळणीला खिडकी म्हणायला लागल्या. पण डोळे साफ होते. अडखळत, मधेच थांबत, शब्द शोधत त्यांनी सांगितलं. शमुवेल लांब कुठंच गेलेला नव्हता. दिंडोरीला वाइनच्या कारखान्यात लागला होता, बाटल्या भरायच्या खात्यात. आनंदानं पेढे घेऊन आला. बाई म्हणाल्या, ज्या दारूनं तुझा बाप खाल्ला तिचं मीठ माझ्या घरात नको, आणि तूही नको. तो आईचाच मुलगा. पेढे ठेवले आणि गेला. परत आला नाही, बाईंनी बोलावलं नाही.

"त्या संध्याकाळी रुमाल घेऊन गुडघ्यावर बसले. म्हटलं, देवा, त्याला परत आण. सगळं बोलून झालं. फक्त आमेन म्हणायचं राहिलं. ते म्हणवेना, अण्णा. आमेन म्हटलं की उठायचं. उठलं की एकीचीच भाकरी थापायची. म्हटलं, राहू दे चालू."

तेव्हापासून ती प्रार्थना चालू होती. भाकरी करताना, केर काढताना, माझ्या स्कूटरवर. रुमाल काढणं म्हणजे प्रार्थना सोडणं. मी इतकी वर्षं एका भिंतीपलीकडे राहिलो आणि मला वाटलं, बाईला सोवळ्याची हौस आहे.

"त्याला फोन करतो," मी म्हणालो.

"नाही. मी देवाला सांगितलंय. देव त्याला सांगेल."

"बाई, तुमच्या देवाला दिंडोरीची एसटी मिळाली नाय का अजून? तासाभराचा रस्ता हाय!"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात साखळी प्रार्थना असते. कुणी फार आजारी असलं की पाळ्या लावतात. एकाची पाळी संपली की तो दुसऱ्याच्या हातात देतो. मधे खंड पडू देत नाहीत. माझं डोकं उघडं असेल तेवढ्यापुरती तुम्ही धरा."

"मी? चर्चमधलं कोणी बोलवा ना. पाळकांना बोलवा."

"त्यांना कशासाठी ते सांगावं लागेल. मुलगा दारूच्या कारखान्यात आहे हे मी चर्चमध्ये सांगितलेलं नाही."

"मग कमल."

"ताई रडतील आणि विसरतील. तुम्ही हट्टी आहात. एकदा धरलं की सोडणार नाही."

आयुष्यात मला हट्टी म्हणून पुष्कळांनी नावं ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला त्याचा उपयोग दिसला.

"पण मला येत नाय तुमची प्रार्थना."

"त्याचं नाव घ्यायचं. शमुवेलला आण, एवढंच. आमेन म्हणायचं नाही. आणि टोपी काढा."

मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. टोपी काढली, घडी करून खिशात घातली. बाईंनी डाव्या हातानं पहिली पिन ओढली. दुसरी त्यांना निघेना, सिस्टरनं काढली. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत सुरू केलं. शमुवेलला आण. शमुवेलला आण.

दुपार टळत होती. त्यांना आत नेलं आणि वरचा लाल दिवा लागला. कमल तोंड धुवायला गेली. मी बाकावर बोडक्या डोक्यानं बसलो होतो, ओठ हलत होते. तेवढ्यात माझा जुना सुतार समोरून आला. आमच्या लोकांत म्हातारा बोडका दिसला म्हणजे घरात कोणीतरी गेलं.

"अण्णा! काय झालं? कोण गेलं?"

आता बोलावं तर नाव तुटतं. मी हातानं म्हटलं, थांब. त्याला वाटलं, मला बोलवत नाही. तो शेजारी बसला, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "लय गुणाची होती वहिनी. साइटवर कधी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाय." त्याचे डोळे भरले. मी जोरात मान हलवतोय, तर तो म्हणतो, "रडा अण्णा, मोकळे व्हा." आणि कोपऱ्यावरून कमल पदरानं तोंड पुसत आली. सुतार बाकावरून उठला तो भिंतीलाच टेकला. कमल त्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला बरं नाय का?"

दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसलो असतो. पण लाल दिवा तसाच होता. अर्धा तास म्हणालेला डॉक्टर दीड तास झाला तरी बाहेर येईना. मला भलतंच वाटायला लागलं, की मधे सुताराच्या नादानं माझी एखादी कडी निसटली, म्हणून आत काहीतरी अडलंय. मी असल्या गोष्टी मानणारा नाही. तरी मी नाव आणखी घट्ट धरलं. कमलनं माझं तोंड पाहिलं. ती नुसती माझा हात धरून बसली.

दिवा गेला. डॉक्टर आला. "निघालं सगळं. आजी ठीक आहेत. आज झोपवून ठेवू, उद्या दुपारपर्यंत बोलतील."

बाईंना बाहेर आणलं. कपाळापासून मानेपर्यंत पांढरी पट्टी. कमल म्हणाली, "बघा, रुमालच जणू."

डोकं झाकलं गेलं होतं, पण बाई झोपेत होत्या. माझ्याकडून परत घेणार कोण? मी म्हणतच राहिलो. घरी जेवताना म्हणालो, आंथरुणावर पडून म्हणालो. म्हणता म्हणता एक गोष्ट डोक्यात शिरली, आणि मी गवंडी माणूस, एकदा हिशोबात बसली की वीट हलत नाही. बाई म्हणाल्या होत्या, पाळी संपली की दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसरा म्हणजे बाईच पाहिजेत, असं कुठं म्हणाल्या होत्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलला दवाखान्यात बसवलं आणि जुन्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची पहिली गाडी धरली. कारखान्याच्या फाटकाबाहेर द्राक्षांचे क्रेट भरलेले ट्रॅक्टर उभे होते. वॉचमन म्हणाला, बाबा, ड्यूटी चालू आहे, नंतर या. मी म्हणालो, "मी काल दुपारपासून त्याचं नाव घेतोय. तू एकदा घे, तुझं काय झिजतं?"

शमुवेल आला. निळा शर्ट, कानावर पांढरे केस आलेले, चालणं आईचं. मला बघून पांढरा पडला.

"अण्णा, आई?"

"हाय. डोक्याचं ऑपरेशन झालं. बरी हाय."

त्यानं फाटकाचा गज धरला. मग खाली बघत म्हणाला, "तिनं बोलावलंय?"

"मेली तरी बोलवायची नाय. तू ओळखतो तिला."

"मग मी कसा येऊ?"

मी त्याचा हात गजावरून सोडवून माझ्या हातात घेतला.

"तू गेल्यापासून तिची प्रार्थना चालू हाय, काल तिनं ती माझ्या हातात दिली. माझी पाळी झाली," मी म्हणालो. "आता तू धर."