हवा भरलेला बॉल

आमचे दामलेकाका दर रविवारी सकाळी एका जुन्या बास्केटबॉलमध्ये हवा भरतात. चहाच्याही आधी. त्या बॉलशी खेळणारं घरात कुणी नाही. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंची पाच फूट तीन इंच, आणि उभी हयात इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर म्हणून गेलेली.

पण अमेरिकन बास्केटबॉलची मॅच लावल्याशिवाय त्यांना पोहे जात नाहीत. कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. नवी पोरं निवडायची आणि बाकावर बसवून ठेवायची, अशा टीमवर मात्र त्यांचा भारी राग. टीव्हीवर चमचा रोखून ओरडतात, "अरे, मिनिटं द्या त्याला! खेळल्याशिवाय शिकणार कसा?"

माझा नवरा निखिल त्यांना मुद्दाम डिवचतो. "काका, टॅलेंट इज टॅलेंट. पहिल्या नंबरवर निवडलेला पोरगा कुठेही चमकणारच."

"मग वाया गेलेल्या पहिल्या नंबरांचं काय? कैरी कितीही चांगली असू दे, बरणी ओली असली की लोणच्याला बुरशी येणारच. त्यात कैरीचा काय दोष?"

हे तत्त्वज्ञान टीव्हीपुरतं राहिलं असतं तर बरं. पण आमच्या मंडळाच्या गणपतीत नैवेद्याचे मोदक काकांच्या ताब्यात असतात. तीन वर्षांपूर्वी मी नुकतीच लीड्सला आले होते. काकांनी विचारलं, "मधुरा, मोदक येतात?" मी खरं ते सांगितलं, "अजिबात नाही." झालं! मंडळातल्या शीलावहिनींसारख्या सुगरणीला भांडी विसळायला पाठवून त्यांनी मला पाटावर बसवलं. माझे मोदक एका कुशीवर झोपले. वहिनी आठवडाभर फुरंगटल्या होत्या. काका मात्र खुशीत, "पहिल्या सीझनला कुणाचाच मोदक उभा राहत नाही."

यंदा माझे एकवीसच्या एकवीस उभे राहिले. सांगायला लाज कशाला, मी ताटाचे चार फोटो काढले.

तेवढ्यात काकांची मुलगी केतकी स्वयंपाकघरात आली. ती केंब्रिजला संशोधन करते. गणपतीला बऱ्याच वर्षांनी आली होती, त्यामुळे काका सकाळपासून दाराकडे बघत होते. त्यांनी माझी सगळी कथा तिला रंगवून सांगितली. केतकी हसली, मग हसायची थांबली.

"हिला थ्री इयर्स दिलेस, बाबा? मला तू एकच सीझन दिलास. मी सिक्स्टीन होते, कोचनं बेंचवर ठेवलं, आणि तू म्हणालास, यू हॅव नो टॅलेंट, ए-लेव्हल्सचा अभ्यास कर. माझा बॉलपण फेकला असशील."

काका उकड मळत होते. हात थांबला.

"बॉल आहे," ते म्हणाले. "हवा भरलेली आहे. चुकलं माझं, केतू. कोचला सांगायला हवं होतं, की मिनिटं द्या हिला. मीच तुला काढून आणलं."

काकांनी उकडीचा गोळा तिच्या हातावर ठेवला. तिनं पारी केली, कशीबशी सारण भरलं, आणि मोदक मधोमध फुटला. शीलावहिनी सावरायला पुढे झाल्या.

"हात लावू नका, वहिनी," काका म्हणाले. "तिचा तिला करू द्या."

दुसराही फुटला. तिसऱ्यातून सारण जरा कमी बाहेर आलं. तो तिसरा काकांनी स्वतः उकडला. मग ताटातला माझा एक सुबक मोदक उचलून डब्यात टाकला आणि त्याच्या जागी केतकीचा ठेवला. तिनं बापाच्या पिठाळ मनगटाला धरलं आणि सोडलंच नाही.

"मधुरा," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बस थोडी बाकावर."

मी बसले. इतक्या अभिमानानं आजवर कुठेच बसले नव्हते.