शाळेपुढची पहिली खुर्ची

धाकट्या मुलाच्या लग्नात साऱ्या आत्या-मावश्यांनी भाजून आणलेल्या बिस्किटांच्या वजनाने टेबल मधोमध मोडले, त्या वर्षी रेजिस हूडाक पोलादाच्या कारखान्यातून कायमचा घरी बसला होता. त्याच हिवाळ्यात शहराच्या शिक्षणखात्याने घरोघर एक निळे पुस्तक पाठवले. पिट्सबर्गमधल्या पालकांनी मुलासाठी शाळा कशी निवडावी, हे त्यात सांगितले होते. काही शाळा साध्या, म्हणजे त्या त्या वस्तीतल्या मुलांना आपोआप मिळणाऱ्या. काही मॅग्नेट, म्हणजे एखादा खास विषय शिकवणाऱ्या आणि साऱ्या शहरातून मुले ओढून घेणाऱ्या. कुठली कशी, ते कळावे म्हणून पानांच्या कडेला तारे आणि त्रिकोण छापले होते. ताऱ्याचा अर्थ त्रिकोणांच्या पानावर होता, त्रिकोणाचा अर्थ शेवटच्या पानावर होता आणि शेवटचे पान बहुतेक प्रतींत आधीच्या पानाला चिकटलेले होते.

रेजिसने ते पुस्तक दोन संध्याकाळी वाचले. मग चष्मा काढून तो बायकोला म्हणाला, "स्टेला, यातलं मला एवढंच कळलं की आपण एका शहरात राहतो."

पण कळून घेणे भाग होते. त्याची मुलगी बर्नाडेट टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या कडेला राहत होती. तिथली शाळा गेल्याच वर्षी बंद झाली होती आणि नात पॉली आता पहिलीत जाणार होती. जावई गॅरी क्लीव्हलंडचा. त्याने स्वच्छ सांगितले होते की सोमवारी नावनोंदणी आहे, पोरीला इथे धड शाळा मिळाली नाही, तर जूनमध्ये बिऱ्हाड आईकडे हलवायचे. क्लीव्हलंड मोटारीने दोन-अडीच तासांवर होते, पण रेजिसच्या मते तिथे गेलेले माणूस परत येत नसे. पॉली रोज दुपारी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या मिशीला कंगवा करी. ती गेली तर दुपारी काय करायचे, याचे उत्तर निळ्या पुस्तकात नव्हते.

पुस्तक कुणालाच कळत नसल्याने लोकांनी आपली एक पद्धत ठरवून टाकली होती. ज्या शाळेपुढे रांग लागेल ती शाळा चांगली. मॅग्नेट शाळेत पहिला येईल त्याला पहिली जागा मिळे, म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस आधी जाऊन बसत. बर्नाडेट म्हणाली होती, "पप्पा, कुठे रांग लागलीय तेवढं बघून ठेवा. बाकी मी बघते."

शुक्रवारी सकाळी रेजिसला स्टेलाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. त्यांचे घर टेकडीवरच्या जुन्या शाळेच्या अगदी समोर. शाळा साधी, ताऱ्याची ना त्रिकोणाची. रात्री ढोपरभर बर्फ पडला होता. रेजिसने शाळेच्या कडेला उभी असलेली आपली ब्यूइक फावड्याने मोकळी केली आणि गाडी बाहेर काढल्यावर त्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची आणून ठेवली. त्या शहरात एवढे पुरते. ज्याने बर्फ काढला त्याची जागा आणि जागेत खुर्ची असली की ती त्याचीच. तिथे माणसे एकमेकांच्या बायका पळवतात, पण खुर्ची हलवत नाहीत.

थोड्या वेळाने बर्फ ढकलणारा सरकारी ट्रक आला. ड्रायव्हर इथलाच होता. खुर्ची चिरडणे त्याच्या हातून होणे शक्य नव्हते. त्याने उतरून ती अदबीने उचलली, पदपथावर शाळेच्या दाराशी ठेवली, रस्ता साफ केला आणि निघून गेला.

त्यानंतर निळे पुस्तक मांडीवर घेऊन सकाळपासून शहरभर शाळा बघत फिरणाऱ्या एक मिसेस व्हिटेकर तिथून गाडीने चालल्या होत्या. नदीपलीकडच्या, डॉक्टरांच्या पत्नी. त्यांना शाळेच्या दाराशी एकटी खुर्ची दिसली. त्यांनी गाडी समोरच्या रिकाम्या जागेत लावली, डिकीतून घडीची खुर्ची काढली आणि पहिलीच्या मागे मांडली. पहिल्या खुर्चीवर बर्फ पडत होता, म्हणून भल्या बाईने तिच्यावर आपली जाड चौकड्याची शालही टाकली.

रेजिस दुपारी परतला तेव्हा त्याच्या जागेत निळी परदेशी गाडी होती आणि खुर्ची नव्हती. गालाला बोळा धरलेली स्टेला काहीच बोलू शकत नव्हती, पण ज्या नजरेने ती बघत होती तीत सगळे होते. ती पिवळी खुर्ची घरातल्या सहा खुर्च्यांपैकी एक होती. उद्या चर्चच्या बायका उपवासाच्या विक्रीसाठी पिरोगीच्या करंज्या भरायला घरी येणार होत्या.

गाडी कुणाची ते विचारायला रेजिस शाळेकडे गेला, तर दाराशी खुर्च्यांची ओळ. कोणी विणत होते, कोणी थर्मासातली कॉफी पीत होते. भांडण विसरून त्याने शेवटच्या माणसाला विचारले की हे काय आहे.

"प्रवेशाची रांग," तो म्हणाला. "बसायचं तर पटकन बसा."

"पण ही तर साधी शाळा."

"तसं कालपर्यंत होतं," शेजारची बाई हळूच म्हणाली. "पहिला जो आहे ना, त्याला आतलं काहीतरी कळलंय. खुर्ची ठेवून गेला, अजून तोंड दाखवलेलं नाही. एवढी खात्री असल्याशिवाय कोणी जाईल का?"

रेजिसचे डोके गरगरले. चाळीस वर्षे तो या शाळेसमोर राहत होता आणि तिला कधी तारा फुटला ते त्याला कळले नव्हते. त्याने घरी जाऊन बर्नाडेटला फोन लावला. तिने पुस्तक उघडले, मिटले आणि म्हणाली, "डॉक्टरची बायको बसलीय ना तिथे? मग झालं. पप्पा, आत्ताच्या आत्ता जाऊन जागा धरा."

जागा धरायची तर खुर्ची हवी. रांगेचा कायदा रस्त्याच्याच कायद्यावरून आला होता, जागा माणसाची नव्हे, खुर्चीची. माणसाने घरी जाऊन झोपावे, खुर्ची बसून राहते. पण स्टेलाने उरलेल्या पाच खुर्च्यांपुढे हात आडवे केले. रेजिसने मासे धरायची बादली उपडी घालून बघितली. रांगेत त्यावर चर्चा झाली आणि बादली ही खुर्ची नव्हे असे ठरले. शेवटी त्याने तळघरातून पॉलीची तान्हेपणीची उंच जेवणखुर्ची आणली. तिच्यात बसता येत नव्हते, पण ती खुर्ची आहे हे कोणाला नाकारताही येईना.

शनिवारी रांग शाळेला वळसा घालून गेली. रेजिस सोडला तर टेकडीवरचे मात्र तीत कोणी नव्हते. त्यांना ही शाळा आपोआपच मिळत होती आणि तेवढ्यानेच ती त्यांच्या नजरेतून उतरली होती. दूरदर्शनवाले येऊन चित्रण करून गेले. त्यांनी पहिल्या पालकाला भेटायचे म्हटले. तो इंजिनिअर आहे, असे पुढच्या टोकाला कळले होते. मागच्या टोकाला येईतो तो शिक्षणखात्यातल्या बड्या साहेबाचा मेहुणा झाला होता. एका वकिलाने येऊन ती खुर्ची आपलीच आहे असे सांगितले. सगळ्यांनी मिळून त्याला नुसते हाकलले नाही, तर त्याची स्वतःची मधली जागाही काढून घेतली. मिसेस व्हिटेकर म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याच्या माघारी त्याची जागा आपणच सांभाळायला नको का?"

दुपारी वारा सुटला आणि शाल उडाली. शाल आणून द्यायला रेजिस पुढे गेला आणि जागीच थांबला. पिवळे रेग्झिन, मागच्या पायाला काळी चिकटपट्टी. ती पट्टी त्याने स्वतः, नाताळात, मेहुणा तिच्यावरून पडल्यावर लावली होती.

कालचे फावडे, साफ झालेला रस्ता, निळी गाडी, सगळे हळूहळू त्याच्या डोक्यात एकामागे एक येऊन बसले, खुर्च्यांसारखेच. या शाळेला तारा फुटला नव्हता. आतले कोणाला काही कळले नव्हते. आतले ज्याला कळले होते असे सगळे शहर समजत होते, तो माणूस म्हणजे तो स्वतःच होता आणि त्याला काहीच कळत नव्हते.

"काय झालं, मिस्टर हूडाक?" मिसेस व्हिटेकरांनी विचारले.

रेजिसने तोंड उघडले. मग त्याला वकील आठवला. खुर्ची आपली म्हटले, तर जेवणखुर्चीची जागाही जाणार. गप्प राहिले, तर निदान ती तरी आहे. आणि शाळा साधी असो की तारेवाली, डॉक्टरची बायको बसली आहे तोवर गॅरीला ती पसंत होती. "काही नाही," तो म्हणाला. "चांगली खुर्ची आहे."

एवढ्यात समोरचे दार उघडले आणि पिठाचे हात घेऊन स्टेला बाहेर आली. आत एक बाई उभ्यानेच करंज्या भरत होती आणि तिची कंबर तिला बोलत होती. शाल उडालेली स्टेलाने खिडकीतून बघितली होती. ती सरळ रस्ता ओलांडून आली, कुणाकडे न बघता तिने पिवळी खुर्ची काखेत मारली आणि चालू पडली.

 रांगेत एकदम कालवा झाला. कोणी पोलिसांना बोलवा म्हणाले, कोणी म्हणाले बाई आजारी असेल. डोळ्यांदेखत, भर दिवसा, दुसऱ्याची खुर्ची. विणणाऱ्या म्हातारीने तर छातीवर बोटांनी क्रूस काढला. मग मिसेस व्हिटेकर रेजिसकडे वळल्या. "तुम्ही समोरच राहता ना? ओळखता का या बाईंना?"

स्टेला रस्त्याच्या मध्यावर होती. रेजिसने तिच्या पाठीकडे बघितले. मग त्या उंच जेवणखुर्चीकडे बघितले, जिच्या फळीवर पॉलीने काट्याने कोरलेल्या रेघा अजून होत्या.

"नाही," तो म्हणाला. "कधी बघितलेली नाही."

स्टेला थांबली नाही, पण तिची मान इंचभर वळल्यासारखी त्याला वाटली. सोमवारपर्यंत रेजिस मागच्या गल्लीतून, तळघरातल्या कोळशाच्या दाराने घरात येत-जात होता. आत त्याच्याशी कोणी बोलत नव्हते.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापक लेस्को आले. पट कमी म्हणून शाळा जूनमध्ये बंद होणार, असा हुकूम त्यांच्या खिशात होता. दाराशी एवढी माणसे बघून त्यांना वाटले, बातमी फुटली आणि मोर्चा आला.

"सर, आम्ही प्रवेशासाठी आलोय," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या.

"कुठल्या शाळेच्या?"

"तुमच्या."

लेस्कोसाहेबांनी टोपी काढली. "पण बाई, ही साधी शाळा आहे. वस्तीबाहेरच्यांनाही आम्ही नाही म्हणत नाही. आमच्याकडे जागाच जागा आहे."

रांगेतून कुजबुज मागे सरकत गेली. टाळतायत. आपल्या माणसांसाठी राखून ठेवल्यात. मिसेस व्हिटेकर एक पाऊल पुढे आल्या. "आम्ही शुक्रवारपासून थंडीत बसलोय. आमच्याशी असं वागू नका."

लेस्कोसाहेबांची सारी नोकरी शिक्षणखात्यातच झाली होती. त्यांनी एकदा रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकली, खिशातला हुकूम आणखी खोल सारला आणि आवाज कडक केला. "जागा फार थोड्या आहेत. एकेक जण आत या. ढकलाढकली चालणार नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नावे लागली. त्यांत पॉलीचेही. गॅरीने आईला फोन करून येत नसल्याचे कळवले. शाळा बंद झाली नाही. पुढच्या वर्षीच्या निळ्या पुस्तकात तिला आख्खे पान मिळाले, फोटोसकट, आणि कडेला तारा. रोज सकाळी इतक्या गाड्या येऊ लागल्या की रेजिसला आपली ब्यूइक खाली चर्चपाशी लावून दगडी पायऱ्या चढत घरी यावे लागे.

स्टेला त्याच्याशी ईस्टरपर्यंत बोलली नाही. ईस्टरच्या दिवशी सगळे जेवायला जमले होते. पॉली आजोबांच्या मांडीवर होती. बर्नाडेट कोबीच्या पानातले मांस वाढून घेत म्हणाली, "त्या पहिल्या माणसाचं फार वाईट वाटतं. त्याच्यामुळे आपल्याला शाळा कळली आणि त्यालाच प्रवेश नाही. मिसेस व्हिटेकर सांगत होत्या, कोणी बाई भर दिवसा त्याची खुर्ची पळवून गेली. आई, समोरच तर झालं, तुला माहीत असेल. कोण गं ती?"

रेजिसचा काटा ताटावरच राहिला. स्टेलाने त्याच्याकडे बघितले, चांगले सावकाश, आणि त्याच्या ताटात आणखी एक पान वाढले.

"असेल कोणी," ती म्हणाली. "मी कधी बघितलेली नाही."

रेजिस हूडाक १९९७ च्या नोव्हेंबरात, झोपेतच वारला. स्टेला त्याच्यानंतर साडेपाच वर्षांनी, मे महिन्यात गेली.