गाडी टक म्हणाली

एका जंगलात एक गाडी होती. एकच होती, म्हणून ती सगळ्यांची होती. आणि सगळ्यांची होती, म्हणून तिच्या बॉनेटखाली कधी कुणी डोकावलं नव्हतं. तिथे फक्त एक पाल राहायची.

बालमित्रांनो, त्या जंगलातली एक समजूत तुम्हाला आधी सांगायला हवी. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं ठरायचं. मग सगळे जमिनीवर खूर-नखं वाजवून "खरं आहे, खरं आहे" म्हणायचे. तुमच्या घरी असं कुणी करत नसेलच. तुमच्या घरी सगळे शिकलेले आहेत.

एके दिवशी सकाळी सात वाजता मथुरामावशी कासवीण त्या गाडीत येऊन बसली. जंगलाच्या टपालखात्यात एक जागा निघाली होती. परीक्षा अकरा वाजता, बारा कोसांवरच्या शाळेत. वयोमर्यादा तीनशे वर्षं. मावशीला दुसऱ्याच दिवशी तीनशे पूर्ण होत होती. म्हणजे ही शेवटची संधी. चालत जायला तिला चार दिवस लागले असते आणि प्रवेशपत्र आदल्या दिवशी आलं होतं. उमेदवार आळशी झालेले परीक्षा घेणाऱ्यांना आवडत नाहीत.

गाडी अस्वलकाका चालवायचे. त्यांनी चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

"काय झालं हो, काका?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. सकाळी सकाळी तिचा मूड नसतो."

बॉनेटच्या फटीतून पालीनं डोकं बाहेर काढलं. "मी सांगू का? बॅटरीच्या तिथे..."

"थांब गं तू," अस्वलकाका म्हणाले. "मोठ्यांना येऊ दे आधी."

मोठे यायला आठ वाजले. मोठ्यांना वेळेवर येऊन चालत नाही.

सगळ्यात मोठे हत्तीअण्णा. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पेट्रोल संपलंय."

"अण्णा, कालच टाकी भरली. हा काटा बघा ना, पार वर आहे."

"काटा कुणाला विचारून वर गेला? तू फिरव चावी."

टक.

भोवती जमलेल्या गर्दीनं कान टवकारले. तो आवाज थेट पालीच्या चुकचुकण्यासारखा होता. कुणीतरी हळूच खूर वाजवला. मग सगळ्यांनी वाजवले. "खरं आहे, खरं आहे!"

अण्णांनी सोंड वर करून सगळ्यांना नमस्कार केला. शंकेला जागा नको, म्हणून चावी एकवीस वेळा फिरवायला लावली. एकवीस वेळा टक. गाडी होती तिथेच होती. पण अण्णांचं म्हणणं खूप पुढे गेलं होतं.

मग कोल्हे सर उठले. ते चष्मा पुसल्याशिवाय बोलत नसत.

"अण्णांचं खरं आहेच," ते म्हणाले. "पण मूळ कारण वेगळं आहे. गाडीचं तोंड दक्षिणेला आहे."

"सर, परीक्षापण दक्षिणेलाच आहे," मावशी म्हणाली.

"म्हणूनच तू दोनशे नव्व्याण्णव वर्षं पास झाली नाहीस."

सगळे खो खो हसले. अस्वलकाकांनी चावी फिरवली. टक. सरांनासुद्धा एकवीस टक मिळाले. अण्णांपेक्षा कमी घेतले असते, तर सरांचा अपमान झाला असता.

सव्वानऊ झाले. मावशीनं प्रवेशपत्र पुन्हा एकदा उलगडून बघितलं. त्यावर अजूनही अकराच लिहिलं होतं.

आता वानरभाऊ बॉनेटवर चढला. तो दिवसभर हमरस्त्याकडेच्या झाडावर बसून बंद पडलेल्या गाड्या बघायचा. त्यामुळे त्याला दुरुस्तीतलं सगळं कळायचं, दुरुस्ती सोडून.

"वजन!" तो ओरडला. "मावशी, तुम्ही एकट्या बसलात की घरासकट?"

"घर मला काढून ठेवता येत नाही रे."

"मग निदान उतरा तरी!"

मावशी उतरली. उतरायला तिला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिच्या वजनावर आणखी तिघे बोलले. मग चावी फिरली. टक.

"बघा! मी म्हणालो ना?"

"पण बाबा, मी उतरले तरी सुरू झाली नाही."

"सुरू होणं वेगळं, मावशी. माझं खरं आहे की नाही, तेवढं बोला."

वानरभाऊचे एकवीस टक जरा बारीक आवाजात आले. शेवटचे दोन तर कान लावून ऐकावे लागले. पण गर्दीला आता सवय झाली होती. चावी फिरायच्या आधीच खूर वाजत होते.

दहा वाजून दहा मिनिटांनी पालीचा नंबर आला.

"बॅटरीच्या वायरीचं टोक सैल झालंय," ती म्हणाली. "त्यावर पांढरा थर चढलाय. ते काढा, घासा आणि घट्ट बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. मी तिथेच राहते, रोज बघते."

कोल्हे सरांनी चष्मा पुसला. "पालीनं चुकचुकावं. बोलू नये. आमचं खरं आहे हे तू ठरवणार. तुझं कोण ठरवणार?"

"गाडीच ठरवेल की," अण्णा म्हणाले. "आपल्याकडे सगळ्यांना सारखा न्याय आहे. फिरव रे चावी."

अस्वलकाकांनी चावी फिरवली.

काहीच आवाज आला नाही.

पुन्हा फिरवली. काही नाही. बॅटरीत जे काही उरलं होतं, ते तिन्ही मोठ्यांचं खरं करण्यात संपलं होतं.

"खोटारडी!" गर्दी ओरडली.

"अहो, एकदा घासून तर बघा," मावशी म्हणाली.

"खोटी ठरलेली गोष्ट करून बघायची?" अण्णांना धक्काच बसला. "मग खऱ्याला किंमत काय राहिली?"

बॉनेट उघडलंच नाही. मोठे जेवायला गेले. पाल मावशीच्या पायाशी येऊन बसली.

"आता घासूनही उपयोग नाही," ती हळूच म्हणाली. "तिच्यात जीव उरला नाही."

"आणि सात वाजता घासलं असतं तर?"

"सव्वासातला निघाली असतीस."

अकरा वाजले. मावशीनं प्रवेशपत्राची घडी घातली आणि ती दक्षिणेकडे चालायला लागली.

"अगं, तू पोचेपर्यंत चार दिवस जातील," पाल म्हणाली. "तिथे कोण भेटणार तुला?"

"कुणीच नाही," मावशी म्हणाली. "म्हणून तर चालले."

तात्पर्य : आपलं म्हणणं चुकीचं असेल, तर सगळ्यांच्या आधी बोलावं. तेव्हा बॅटरी भरलेली असते.