लॅपटॉपातली मानकरीण

आमच्या शेजारच्या दामूभावजींकडे कोंबड्यांनासुद्धा वयाप्रमाणे दाणे मिळतात. मुठीत कणी घेऊन ते अंगणात उभे राहतात आणि आधी त्या लंगड्या, म्हाताऱ्या तांबडीला बोलावतात. तिचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. आता कोंबड्याच त्या, थांबतात कसल्या! मग भावजी फोक घेऊन तरण्या कोंबड्यांना मागे सारतात आणि ओरडतात, "पयला कोण? मी काय विचारतो, पयला कोण?" रस्त्याने जाणाऱ्या नवीन माणसाला वाटतं, भाऊबंदकीचं भांडण पेटलंय. मी माझ्या ओट्यावरून रोज बघते. तांबडी दोन दाणे टिपून निघून जाते, आणि भावजींच्या तोंडावर असं समाधान असतं की जणू लग्न पार पडलं.

लग्नावरून आठवलं. आमच्या सापगावात आणि आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की आधी दामूभावजींना निरोप जायचा. पहिली टॉवेल-टोपी कुणाला, नारळ कुणाच्या हातात, पंगतीत पहिलं पान कुणाचं, सगळं त्यांच्या डोक्यात. नवरीचा मामा मोठा की नवऱ्याच्या बापाचा मामा, असा पेच पडला की लोक त्यांच्याकडे बघायचे, आणि ते डोळे मिटून दोन्ही घरांची चार पिढ्यांची नाती मोजून निकाल द्यायचे. एकदा वैशाखऱ्याच्या लग्नात नवऱ्याचा मोठा मामा वाटेत पंक्चर होऊन अडकला, आणि इकडे मुहूर्त आला. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. भावजी अंतरपाटाच्या समोर हात आडवे करून उभे. "मामा आल्याबिगर मंगलाष्टक नाय." भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. भावजी म्हणाले, "मुहूर्त परत काढता येतो. मामा रुसला तर परत काढता येतो काय?" मामा आला, घामाघूम. त्याला पहिली टोपी घातली, तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

हे सगळं खरं, पण त्याचा त्रासही कमी नाही बरं का. शहापूरच्या स्टँडवर आम्ही दहा-बारा बायाबापे मुरबाडच्या गाडीची वाट बघत होतो, बारशाला जायचं होतं. गाडी आली तसे भावजी दाराशी उभे राहिले आणि चढवायला लागले. आधी म्हातारी, मग लेकुरवाळ्या, मग पाहुणे, मग घरचे. एका कॉलेजातल्या मुलीने मध्ये घुसायचा प्रयत्न केला तर तिला म्हणाले, "तुझा नंबर येल गो, घाई काय." सगळे चढले, ठाकठीक बसले, कंडक्टरने घंटी मारली, आणि गाडी सुटली. भावजी खालीच. मी खिडकीतून हाका मारतेय, आणि ते स्टँडवर उभे राहून हात हलवतायत. नीट लावून दिलं म्हणून खूश! त्यांना त्या क्रमात स्वतःचा नंबर लावायचं कधी सुचलंच नाही.

आता लग्नं हॉलवर होतात. कानात यंत्र लावलेली, काळ्या शर्टातली पोरं सांगतात कोण कधी उभं राहायचं. भावजींना पत्रिका येते, निरोप येत नाही. घरी त्यांची बायको, रखमावैनी, गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा नितीन चाकणला कंपनीत, चार जणांत एक खोली, पंधरा-पंधरा दिवसांनी येतो. म्हणून सून प्रणाली इथेच राहते. ती घरातून लॅपटॉपवर काम करते. भिवंडीच्या एका मोठ्या गोदामाच्या कामाचं आहे काहीतरी, कुठली गाडी भरली, कुठली निघाली, कुठली अडकली. दिवसभर कानाला फोन लावून बोलत असते.

तर तो लॅपटॉप. सुरू करायला घ्यावा तर माझ्या भाकऱ्या थापून, भाजून, दुरडीत जायच्या तरी त्याच्यावर आपलं गोल गोल फिरतंय. प्रणाली कपाळाला हात लावून बसायची. तिकडे साहेबाला नऊला हजेरी हवी, आणि हिची हजेरी लागेपर्यंत तिकडच्या गाड्या कसारा घाटात. शेवटी साहेबाने सांगितलं, येत्या सोमवारपासून वेळेवर आलात तर ठीक, नाहीतर ऑफिसात येऊन बसा. ऑफिस भिवंडीला, सुटायला रात्र होणार. रोज येणं-जाणं कसं जमायचं? प्रणाली म्हणाली, "मग कल्याणला मावशीकडेच राहावं लागेल काकी. रविवारी येईन घरी." भावजी तिथेच वालाच्या शेंगा सोलत बसले होते. शेंगांची टरफलं टोपात आणि दाणे जमिनीवर टाकत होते, ते मी बघितलं.

प्रणालीने वाशिंदच्या कॉम्प्युटरवाल्याकडे लॅपटॉप नेला. त्याने सांगितलं, आतली डिस्क जुनी झाली, तबकडी फिरते ती दमलीय. नवी एसएसडी टाका, तिच्यात फिरायचं-बिरायचं काही नसतं, चुटकीसरशी उठते. त्याने नवी बसवली, तिच्यात सगळं नव्याने भरून दिलं, आणि जुनी पण आत राहू दिली, सीडी घालायची असते त्या जागी. तिच्यात लग्नाचे फोटो होते. घरी आणून चालू केला तर पुन्हा तेच गोल गोल! प्रणालीने फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून राहिलं. मशीन अजून जुनीवरूनच उठतंय. चालू करताना एफ टू दाबत राहा, यादी येईल. त्यात नवीचं नाव सगळ्यात वर घ्या."

आम्ही तिघं त्या पडद्यावर वाकलो. निळ्या पडद्यावर खरंच यादी आली, एकाखाली एक दोन नावं. प्रणालीने बोट ठेवून दाखवलं, "ही जुनी, वर आहे. ही नवी, खाली. मशीन आधी वरचीला विचारतं."

भावजींचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! "आगो, ही तर मानपानाची यादी हाय!" चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "यात पन इचारतात, पयला कोण?"

प्रणालीने एक बटण दाबलं, नवी वर गेली, जुनी खाली आली. मग जतन करायचं बटण, एफ टेन. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा लागला आणि मी पदर सावरेपर्यंत चालू! प्रणालीने टाळ्या वाजवल्या. मी साखर आणायला घरी गेले. भावजींनी साखर खाल्ली, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोल गोल. प्रणालीने एफ टू दाबून बघितलं, तर जुनी वर! हिने पुन्हा नवी वर घेतली, झटकन चालू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जुनी वर. प्रणाली रडकुंडीला आली. मला तर वाटलं, कुणाची नजर लागली. मी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. लॅपटॉपवरून हो! आता हसा.

रविवार उजाडला. उद्या सोमवार. प्रणालीने बॅग काढून पलंगावर ठेवली होती, दोन ड्रेस घालून. दुकानवाल्याला फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"मॅडम, स्वतःहून खाली नाही जात ते. आतली छोटी बॅटरी उतरली असेल. बुधवारी आणा, बघतो."

"बुधवारी काय उपयोग, मला उद्या पाहिजे!"

भावजी दारात उभे होते. खाकरले. म्हणाले, "बॅटरी-बिटरी काय नाय. मी केला ते."

"तुम्ही? बाबा, तुम्हाला येतं?"

"तू केलास ते बघितला ना मी. दाब दाब दाबायचा, यादी आली का जुनी वर घ्यायची, मंग ते धा नंबरचा बटण. पहाटे उठून नीट लावून ठेवतो. तुला नऊला लागतो म्हनून."

"पण का?"

"का म्हंजे? काल आलेली नवी पोरगी पयल्या पानावर, आन इतकी वर्सा राबली ती म्हातारी खाली? रुसली ना ती, तर भर कामात बंद पाडंल तुझा. मी लय बघितलेत असे रुसवे. मंग तुला जावा लागंल कल्याणला."

मी म्हटलं, "भावजी, अहो, जुनी वर असली की तो लॅपटॉप सुरू होत नाही लवकर, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो ना वैनी. अजून राग गेला नाय तिचा. दोन दिस मान देला तर जाईल."

प्रणाली खाली मान घालून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला कळेना, हिला समजवावं की ह्यांना. मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, जुनीच वर ठेवून चालू केला आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. कान लावा."

भावजींनी वाकून लॅपटॉपला कान लावला. मीही दुसऱ्या बाजूने लावला. आतून बारीक घरघर येत होती, मध्येच टक्, पुन्हा घरघर. जिना चढून आलेल्या माणसासारखी.

"ऐकलंत? ह्या यादीत वर असणं म्हणजे पहिली टोपी नाही बाबा. पहिलं उठायचं असतं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सगळा संसार अंगावर घ्यायचा. म्हातारीला तुम्ही रोज पहाटे उठवून कामाला लावताय."

भावजी कान काढेनात. "म्हंजे वर जो तो राबतो?"

"हो."

"आन खालची?"

"खालची बसून असते. काही जुनं लागलं, फोटो-बिटो, तर तिला विचारायचं. नाहीतर आराम."

भावजी ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, रागावले. पण नाही, ते मोजत होते. डोळे मिटलेले, बोटांच्या पेरांवर अंगठा चाललेला, असं ते लग्नातच करतात. मग उठून आत आले. प्रणालीला म्हणाले, "सरक." स्वतः बंद केला, स्वतः चालू केला, एफ टू दाब दाब दाबला, एका बोटाने नवी वर घेतली. त्या जुन्या नावाकडे बघून म्हणाले, "बस आता म्हातारे. लय केलास."

दुकानवाला अजून फोनवर होता, आम्ही विसरलोच होतो. तो म्हणाला, "काका, जुनी काढूनच टाकू का? मशीन हलकं होईल."

"तुझा बाप म्हातारा झाला का काढून टाकशील काय रे?" भावजी फोनवर ओरडले. "ऱ्हाऊ दे तिला जागेवर!"

त्याने फोन ठेवला.

सोमवारी नऊ वाजून गेल्यावर मला राहवेना. जीव टांगणीला लागला होता. चहाचं पातेलं उतरवलं आणि वाटीत थोडी खीर घेऊन निघाले, म्हटलं, विचारायला निमित्त हवं. बघते तर भावजी रस्त्याच्या मधोमध उभे, समोर कांदे-बटाट्याचा टेम्पो, आणि हे दोन्ही हात वर करून त्याला दटावतायत, "भोंगा बंद कर! बंद कर आदी! सून कामावर गेलेली हाय!"

टेम्पोवाला बिचारा म्हणाला, "काका, कामावर गेली तर तिला कुठे ऐकू येणार?"

"आत गेलीय कामावर. आतल्या खोलीत. चल, ढकलत ने गाडी."

त्याने भोंगा बंद केला आणि बिनआवाजाचे कांदे घेऊन पुढे गेला.

"वेळेवर लागला?" मी विचारलं.

"नऊच्या आदीच. साहेब पन आला नव्हता." भावजी पायरीवर टेकले. आतल्या खोलीचं जे दार अंगणात उघडतं, त्याला पाठ लावून. बंद दारातून प्रणालीचा आवाज येत होता, इंग्रजीत, मध्येच हिंदीत, जोरात, मग हळू.

मी म्हटलं, "भावजी, इथे कशाला बसलात दाराशी? सावलीत बसा की, पलीकडे जांभळीखाली."

"तिकडं ऐकू येत नाय."

"तुम्हाला कळतं काय ती बोलते ते?"

"नाय. एक अक्षर नाय." त्यांनी खिरीची वाटी घेतली, पण खाल्ली नाही, पायरीवर ठेवली. "रखमा गेल्यापासून या घरात दिवसाचा कोन बोलत नव्हता वैनी. नितीन शाळंत, मंग कंपनीत. मी आपला भांडी वाजवायचो. आता ही बोलते. माझ्याशी नाय बोलत, कामाचं बोलते. पन घरात बाईमानसाचा आवाज हाय."

मग जरा सावरून म्हणाले, "आज थँक्यू लय आलं. म्हंजे चांगला चाललाय काम."

मीही पायरीवर बसले. आत प्रणाली कशाला तरी खळखळून हसली. तसे बाहेर भावजीही हसले, मान मागे टाकून, दाराला टेकून. कशाला हसलात, ते मी काही विचारलं नाही.