रंगनाथराव फिटर यांच्या हवेच्या बंदुकीचे वर्तमान

श्रीगजानना, ऐकणाऱ्या बाळांस चित्त दे आणि सांगणाऱ्यास धीर दे. मुलांनो, डोळे मिटा आणि एक राज्य मनी आणा: दोन खोल्या, एक अंगण, अंगणाच्या टोकास जळणाची खोपी, तिला फळ्यांची भिंत. शके अठराशे ब्याण्णव, चैत्रमासी, तेथे रंगनाथराव फिटर राज्य करीत होते, आणि त्यांची कन्या मंजुळा, वय वर्षे नऊ, आणि चांदी नावाची कुत्री, नुकतीच व्यालेली, ऐसा परिवार होता. चांदीवर कन्येचा जीव फार. शेजारच्या राज्याचे अधिपती सदूशेठ यांनी शहराहून छऱ्याची बंदूक विकत आणिली आणि मिरवू लागले, मग रंगनाथरावांस ईर्षा उपजली आणि त्यांनी जुनी नळी, सायकलचा पंप आणि मोडक्या खुर्चीचा हात जमवून स्वहस्ते हवेची बंदूक सिद्ध केली. मग खोपीच्या भिंतीस पत्र्याचा डबा टांगिला आणि बार काढिला. डब्यास नुसता पोचा आला. सदूशेठ कुंपणावरून वदले, "रंगोबा, डास मारायला बरी आहे हो!"

ते ऐकून राजे संतापले आणि दिवसभर ओसरीसमोर पंप मारीत, बार काढीत राहिले, आणि तो आवाज सोसवेना म्हणून चांदीने ओसरीवरची पिल्ले एकेक तोंडात धरून, कोणाच्या दृष्टीस न पडता, मागल्या अंगाने खोपीत नेऊन ठेविली. सायंकाळी कन्या म्हणाली, "आबा, थांबा ना. चांदी कुठं दिसत नाही."

"असेल गं इथंच. हा एकच, मंजे. सदूशेठ बघतायत."

मग राजांनी अंगचे सारे बळ लावून हवा कोंडली आणि चाप ओढिला. डबा फुटला, डब्यामागली फळी फुटली, आणि फळीमागून एकच केकाटणे ऐकू आले. सदूशेठ टाळी वाजवावयास निघाले होते, त्यांचे हात तसेच राहिले. कन्या धावली. चांदी गेली होती, आणि पिल्ले तिच्या कुशीत अजून दूध ओढीत होती. राजे दारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मंजे, मला ठाऊक नव्हतं गं." कन्येने पिल्ले ओच्यात घेतली, बाहेर आली, आणि सर्वांत लहान होते ते राजांपुढे धरिले. बंदूक खाली ठेविल्यावाचून ते घेता येईना, म्हणून राजांनी ती ठेविली.

"दोन्ही हातांनी धरा, आबा," ती म्हणाली.

वर्तमान इतुकेच. बंदूक उत्तम साधली होती, यात संशय नाही. चांदी गेली, आणि मंजुळा दूध कोमट करावयास आत गेली.