आमच्या 'घरात' शिरलेली मंडळी

आमच्या कंपनीचं निरोपांचं ॲप आजवर फक्त आम्ही बनवलेल्या फोनवर चालायचं. आता ते प्रतिस्पर्ध्यांच्या फोनवर जाणार होतं आणि ती मोहीम माझ्या हाती होती. फत्ते झाली की विभागप्रमुखाची खुर्ची माझी, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी तर खुर्चीचा रंगही ठरवून टाकला होता!

अडचण एकच. परका फोन ऑफिसच्या फाटकातून आत आणायचा नाही, हा साहेबांचा कडक नियम. मग चाचणी कशावर घेणार? बायकोकडे परका फोन होता. तिच्या फोनवर चाचणीची प्रत टाकली. प्रयोगापुरती सोय अशी केली, की ही प्रत जो घेईल तो थेट आम्हा दोघांच्या ग्रुपमध्ये येईल. ग्रुपचं नाव 'घर'. घेणार कोण, तर बायको. काळजीचं कारणच नव्हतं.

बायकोने ती प्रत आपल्या बहिणीला पाठवली. बहिणीच्या ओळखी अफाट आहेत.

उद्घाटनाच्या सकाळी सभागृह भरलेलं. माझा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला. मी ऐटीत बटण दाबलं, परक्या फोनांसाठी सर्व्हर पहिल्यांदाच उघडला आणि बायकोचा निरोप झळकला. "अहो, मी आधी बाहेर पडले. निघताना गॅस बंद केलात ना?"

लोक हसले. मी रुबाबात उत्तर दिलं, "केला."

"बरं. आणि साहेब ओरडले तर मनावर घेऊ नका. घरी बायकोपुढे त्यांची मांजर होते, तुम्हीच सांगता ना!"

तेवढ्यात पडद्यावर अनोळखी नावांची रीघ लागली.

"कोणते साहेब हो, वहिनी?"

"काका, गॅस नक्की बंद केलात?"

मागोमाग एक बाई अवतरल्या. "मांजर? घरी या, मग बघते."

साहेब पांढरेफटक पडले. त्या त्यांच्या सौभाग्यवती होत्या. म्हणजे साहेबांच्या घरातही परकाच फोन! सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं आणि नेमका तेव्हाच गर्दीने सर्व्हर बसला. खरं ॲप कुणाच्याच फोनवर उघडेना. उद्घाटन रद्द झालं, माझी खुर्चीही गेली. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी पाय ओढत घरी पोहोचलो.

"अगं, एवढे लोक आपल्या ग्रुपमध्ये शिरले, तुला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुमच्या कंपनीचं ॲप असंच असतं."

"निदान गॅसची तरी काळजी मिटली ना तुझी?"

तिने ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे कोळसा झालेलं पातेलं होतं.

"चालूच होता. शेजारच्या काकूंनी ग्रुपवर वाचलं, त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि बंद केला."

म्हणजे आमचं ॲप परक्या फोनवर चालतं. पुरावा म्हणून ते पातेलं साहेबांना दाखवावं का, याचा मी अजून विचार करतोय.